विचारा की! : टाइम मशीन, तळघर आणि बुटांची खिडकी

गेल्या अंकात एच. जी. वेल्सच्या 'द टाइम मशीन'वर दोन पानं लिहिली आणि वाटलं होतं चार-पाच पत्रं येतील, पण ढीगच आला. त्यातले कितीतरी जण 'शेवट का सांगून टाकलात' म्हणून चिडलेत (सॉरी, पण १८९५चं पुस्तक आहे हो). ज्यांचा तो अंक हुकला त्यांच्यासाठी पटकन सांगते. लंडनच्या कडेला रिचमंडला राहणारा एक शास्त्रज्ञ आहे, त्याचं नाव पुस्तकभर येतच नाही, नुसता 'काळप्रवासी', आणि तो दर गुरुवारी मित्रांना जेवायला बोलावतो. एका गुरुवारी मंडळी जेवायला बसल्यावर हा स्वतः दारात उगवतो, धुळीने माखलेला, लंगडत, पायात फाटके रक्ताळलेले मोजे, आणि म्हणतो माझ्यासाठी थोडं मटण ठेवा, मग सगळं सांगतो. तर हा गेला होता ८,०२,७०१ सालात. तिथे जमिनीवर 'एलॉय' राहतात, चार फुटी, गोड, दिवसभर खेळणारे, फळं खाणारे, आणि जमिनीखाली 'मॉरलॉक', पांढुरके, अंधारात मशिनं चालवणारे, अमावस्येच्या आसपास वर येऊन एलॉयना उचलून नेणारे. कशासाठी नेतात ते आता प्रश्नांमध्ये येईलच.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगला आहे. मशीन फक्त काळात पुढे जातं, जागा बदलत नाही असं म्हटलंय. पण पृथ्वी तर सूर्याभोवती फिरते, मग तो आठ लाख वर्षांनी उतरला तेव्हा अंतराळात लटकायला हवा होता ना? वेल्सला एवढं पण कळलं नाही?

कळलं असणार हो, सायन्सचाच विद्यार्थी होता तो, लंडनला टी. एच. हक्सलीच्या हाताखाली बायोलॉजी शिकलेला. तुमचं गणित बरोबर आहे, पृथ्वी सेकंदाला साधारण ३० किलोमीटर पळते, म्हणजे तासाभरात एक लाख किलोमीटरच्या वर, आणि सूर्य आपल्याला सगळ्यांना घेऊन आकाशगंगेभोवती सेकंदाला सव्वादोनशे किलोमीटरने फिरतोय ते वेगळंच. पण इथे वेल्सने मशीन गुपचूप पृथ्वीला चिकटवून टाकलंय, आणि त्यावर चकार शब्द काढलेला नाही, जो मला शहाणपणाच वाटतो. गोष्टीत एक थाप चालते, दुसरी मारली की वाचक उठून जातो.

आणि मजा अशी की एकदा ती थाप पचवली की पुढचा सगळा हिशोब तो मारवाड्यासारखा चोख ठेवतो. निघताना मशीन प्रयोगशाळेच्या आग्नेय कोपऱ्यात होतं आणि परत आलं तेव्हा वायव्य कोपऱ्यात भिंतीला टेकून होतं. का? कारण भविष्यात मॉरलॉकांनी ते हिरवळीवरून ओढत नेऊन पांढऱ्या स्फिंक्सच्या पुतळ्याच्या चौथऱ्यात लपवलं होतं. हिरवळ ते चौथरा जेवढं अंतर, बरोबर तेवढंच मशीन खोलीत सरकलेलं! दुसरं, निघताना त्याची घरकाम बघणारी बाई खोलीतून बागेच्या दाराकडे जात असते, ती त्याला रॉकेटसारखी सुसाट गेलेली दिसते, आणि परत येताना तीच बाई पाठमोरी, उलटी चालत, आली तशी निघून जाते. सिनेमा नुकता जन्माला येत होता तेव्हा. रीळ उलटं फिरवल्यावर काय दिसेल हे या माणसाने डोक्यातल्या डोक्यात बघून ठेवलं होतं.

प्रश्न : ते मशीन चालतं कशावर?

सांगितलेलंच नाही. निकेल आहे, हस्तिदंत आहे, पितळ आहे, स्फटिक आहे, सायकलसारखं सीट आहे आणि दोन दांडे आहेत, एक पुढे जायला एक मागे. हे दांडे स्क्रू काढून खिशात टाकता येतात, म्हणजे किल्लीच म्हणा. इंधनाचं विचारू नका.

प्रश्न : आठ लाख वर्षांत माणसाच्या खरंच दोन जाती होऊ शकतात का? मला तरी हे अतीच वाटलं.

हा माझा आवडता प्रश्न आहे त्यामुळे जरा बसून उत्तर देते. २५ वर्षांची एक पिढी धरली तर १८९५ पासून ८,०२,७०१ पर्यंत साधारण ३२ हजार पिढ्या होतात. (आणि मूळ इंग्रजी पुस्तकही साधारण ३२ हजार शब्दांचंच आहे, म्हणजे पिढीला एक शब्द! योगायोगच असणार पण मला हे लक्षात आल्यापासून डोक्यातून जात नाहीये.)

३२ हजार पिढ्या म्हणजे किती बदल? अमेरिकेत रिचर्ड लेन्स्की या शास्त्रज्ञाने १९८८ मध्ये ई. कोलाय बॅक्टेरियाचे बारा बाटल्यांमध्ये बारा वंश सुरू केले आणि रोज थोडे थोडे नव्या बाटलीत हलवत त्यांच्या पिढ्यांवर पिढ्या वाढवत नेल्या. त्यातल्या एका बाटलीतल्यांनी साधारण ३१ हजार पिढ्यांनंतर अचानक सायट्रेट (लिंबातल्या आम्लापासून होणारा क्षार) खायला सुरुवात केली, जे ऑक्सिजन असताना ई. कोलायला एरवी जमतच नाही, म्हणजे समोर ताटात कायम वाढलेलं होतं पण खाता येत नव्हतं ते खाता यायला लागलं. बाकी अकरा बाटल्यांतल्यांना ते जमलेलं नाही. बॅक्टेरिया आणि माणूस एका मापाने मोजायचे नाहीत हे मान्य, पण 'एवढ्या पिढ्यांत काय होणारे' असं म्हणणाऱ्याला मी हे सांगते.

आता उलट बाजू. निअँडरथल (माणसाची आता नामशेष झालेली एक जात) आणि आपले पूर्वज काही लाख वर्षं वेगवेगळे वाढले, आणि तरी पुन्हा भेटले तेव्हा त्यांना मुलं झाली, आफ्रिकेबाहेरच्या माणसांमध्ये आजही एक-दोन टक्के निअँडरथल डीएनए सापडतो तो त्यातूनच. म्हणजे नुसती वर्षं उलटून जात वेगळी होत नाही, एकमेकांत लग्नं पूर्ण बंद व्हायला लागतात. मध्ये समुद्र हवा, डोंगर हवा. वेल्सकडे डोंगर नव्हता म्हणून त्याने जिना वापरला. वरचे वरच्यांशी लग्न करणार, खालचे खालच्यांशी, आणि असं हजारो पिढ्या चाललं की झाली दोन टोकं. अंधाराचं म्हणाल तर मेक्सिकोतल्या गुहांमध्ये राहणाऱ्या माशांचे डोळे गेलेत आणि अंगाचा रंगही गेलाय, नदीतले त्यांचे भाऊबंद मात्र चांगले डोळस आहेत. मॉरलॉकांचे डोळे मात्र वेल्सने मोठाले ठेवलेत, घुबडासारखे चमकणारे, म्हणजे खाली पूर्ण काळोख नसून अंधूक उजेड असणार, आणि वर रात्री शिकारीला यायचं तर डोळे हवेतच. विचार केलाय गड्याने.

प्रश्न : शेवटी तो तीन कोटी वर्षं पुढे जातो तिथे सूर्य लाल, मोठा, विझत आलेला दाखवलाय. आमच्या सरांनी सांगितलं सूर्याला अजून पाचशे कोटी वर्षं आहेत. मग हे चूक का?

चूकच आहे, आणि सर बरोबर आहेत. पण १८९५ मध्ये ही चूक नव्हती, अगदी लेटेस्ट सायन्स होतं! लॉर्ड केल्विन तेव्हा विज्ञानातलं मोठं प्रस्थ, आणि त्याचं म्हणणं असं की सूर्य आपल्याच वजनाने आकसतो आणि त्यातून उष्णता निघते, असं धरलं तर त्याचं आयुष्य काही कोटी वर्षांत आटपतं. रेडिओॲक्टिव्हिटीचा, म्हणजे अणूतून आपोआप ऊर्जा बाहेर पडते याचा, शोध लागला १८९६ मध्ये, म्हणजे पुस्तक आल्यावर पुढच्याच वर्षी, आणि सूर्याच्या पोटात हायड्रोजनचं हेलियम होतं हे नीट उलगडायला १९३०चं दशक संपायला आलं. वेल्सने आपल्या काळातल्या सगळ्यात मोठ्या माणसावर विश्वास ठेवला आणि फसला, बिचारा.

खरं तर तीन कोटी वर्षांनी सूर्य जवळपास आहे तसाच असेल, उलट किंचित जास्त तेजस्वी, कारण तो शंभर कोटी वर्षांत साधारण दहा टक्क्यांनी वाढत जातो. म्हणजे पृथ्वी गारठून मरण्याच्या कितीतरी आधी तापून मरणार. तसंच पुस्तकात पृथ्वीचं फिरणं थांबून तिची एकच बाजू सूर्यासमोर राहिलेली आहे. भरती-ओहोटीच्या घर्षणामुळे दिवस खरोखर लांबतोय, पण शंभर वर्षांत दोन मिलिसेकंदांहून जरा कमीच, त्या हिशोबाने तीन कोटी वर्षांत दिवस वाढेल आठ-दहा मिनिटांनी. तेवढ्याने काय होतंय, सकाळी जरा जास्त लोळता येईल.

पण एक सांगू का, त्या किनाऱ्यावरचं प्रकरण मी तरीही पुन्हा पुन्हा वाचते. हवा विरळ, लाटा नाहीत, नुसता तेलकट संथ समुद्र, आणि याच्या गालावर माशी बसल्यासारखं गुदगुल्या होतात. तो हाताने झटकतो, परत होतं, मग तो पकडायला जातो तर हातात दोऱ्यासारखं काहीतरी येतं आणि सटकन निसटतं. मागे वळून बघतो तर टेबलाएवढा खेकडा, आणि हाताला लागलेली ती त्याची मिशी. सूर्याचं गणित चुकलं म्हणून तो खेकडा काही मागे सरकत नाही.

प्रश्न : नक्की व्हिलन कोण आहे? मॉरलॉक माणसं खातात हे वाचून किळस आली पण मग मला त्यांचीच दया पण आली. माझं काही चुकतंय का?

काहीच चुकत नाहीये, उलट तुम्ही मुद्द्यावर बोट ठेवलंत.

आधी हे बघा की हा काळप्रवासी पुस्तकात तीन वेळा आपटतो. पहिल्या दिवशी एलॉयना बघून म्हणतो, वा, भांडणं संपली, साम्यवाद आला. मग म्हणतो की नाही, संकटंच संपली म्हणून माणसं मऊ पडली. मग जमिनीखाली जाणाऱ्या विहिरी दिसतात, मॉरलॉक दिसतात, तेव्हा म्हणतो वरचे मालक आणि खालचे नोकर. आणि शेवटी खाली उतरल्यावर मॉरलॉकांच्या टेबलावर एक मांसाचा तुकडा दिसतो, आणि तेव्हाही त्याच्या डोक्यात येतं की एवढा मोठा कुठला प्राणी शिल्लक राहिलाय बुवा? कारण गायीगुरं, घोडे, मेंढ्या, कुत्री सगळं नामशेष झालंय हे त्याने आधीच बघितलेलं असतं. ट्यूब पेटायला त्याला वेळ लागतो. मालक-नोकर उलटलेत, एलॉय ही पाळलेली गुरं आहेत, नि मॉरलॉक गुराखी. कपडे, चपला सगळं अजून मॉरलॉकच पुरवतात, जुन्या सवयीने, आणि आयतोबांना वाटतं आपलं मस्त चाललंय.

हे वेल्सला सुचलं कुठून, तर त्यासाठी त्याचं बालपण बघायला लागतं. वडिलांचं दुकान होतं, नीट न चालणारं, आणि घराचं स्वयंपाकघर जमिनीखाली. तिथल्या खिडकीवर रस्त्याच्या पातळीला जाळी, आणि त्या जाळीतून पोराला दिसायचे ते जाणाऱ्या-येणाऱ्यांचे बूट. नुसते बूट! चांगले, फाटके, टाचा झिजलेले. यावर त्याने पुढे एक निबंधच लिहिलाय. मग आई अपपार्क नावाच्या मोठ्या वाड्यात हाउसकीपर म्हणून राहिली, तिथे नोकरांचं सगळं जग तळघरात आणि इकडून तिकडे जायला जमिनीखालून भुयारं, म्हणजे मालकांना नोकर दिसायला नकोत. हा पोरगा त्या भुयारांतून फिरलेला आहे. मधल्या काळात कापडाच्या दुकानात शिकाऊ म्हणून तेरा-तेरा तास उभा राहिलेला आहे. आणि लंडनमध्ये १८६३ पासून जमिनीखालून रेल्वे धावत होती, १८९० मध्ये तर विजेवरची सुरू झाली. पुस्तकात काळप्रवासी हेच म्हणतो की आमच्याच काळात बघा ना, कामाच्या जागा, रेल्वे सगळं खाली खाली चाललंय, आणि ईस्ट एंड या गरीब वस्तीतला कामगार आत्तासुद्धा मोकळ्या जमिनीवर कुठे राहतोय.

म्हणून मला वाटतं की सूर्याच्या बाबतीत तो दुसऱ्याचं ऐकून फसला आणि तळघराच्या बाबतीत स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं लिहून गेला, आणि सव्वाशे वर्षांत सूर्याचा भाग शिळा झाला, तळघराचा झाला नाही. आपल्या हातात वस्तू येते तेव्हा ती कुणी, कुठल्या उजेडात बसून बनवली हे आपल्याला दिसतं कुठे, दिसलेच तर बूट दिसतात, आणि तेसुद्धा खालून बघणाऱ्याला.

आणि हो, दया येण्याबद्दल. काळप्रवाशाला मात्र मॉरलॉकांची अजिबात दया येत नाही, लोखंडी दांडक्याने त्यांची डोकी फोडताना त्याला बरंच वाटतं. आणि तिथे आठ दिवस फळं खाऊन घरी आल्या आल्या तो खायला काय मागतो? मटण. वेल्सने हे मुद्दाम केलंय असं माझं ठाम मत आहे, तुम्हाला पटलं नाही तर कळवा.

प्रश्न : काळप्रवास ही पाश्चात्त्यांची कल्पना म्हणून उगाच कौतुक चाललंय. आपल्या पुराणांत रैवत राजाची गोष्ट आधीपासून आहे!

आहे की, आणि फार सुंदर आहे. रैवत ककुद्मी आपल्या मुलीला, रेवतीला, घेऊन ब्रह्मदेवाकडे जातो, हिच्यासाठी वर सुचवा म्हणून. तिथे गाणं चाललेलं असतं, तो ते संपेपर्यंत थांबतो, आणि मग ब्रह्मदेव हसून सांगतात की अरे तू मनात धरलेली मुलं, त्यांची नातवंडं-पतवंडं सगळी गेली, खाली सत्तावीस चतुर्युगं उलटली. परत येतो तर, विष्णुपुराणात म्हटलंय, माणसं उंचीने लहान, ताकदीने कमी आणि बुद्धीने मंद झालेली. हे वाचून मला एलॉयच आठवले! रेवती एवढी उंच पडते की बलरामाला तिला नांगराने खाली ओढून बेताची करावी लागते.

फरक एवढाच की रैवताला काळ फसवतो. त्याला माहीतच नाही की आपण पुढे गेलोय. वेल्सचा माणूस तिकीट काढल्यासारखा जातो, पाहिजे तिथे दांडा ओढून उतरतो आणि जेवायच्या वेळेला परत येतो. कौतुक त्या दांड्याचं आहे. बाकी आधी कोण यावर वाद घालायचा तर एन्रिके गास्पार या स्पॅनिश लेखकाने १८८७ मध्येच काळात फिरणारं यंत्र कादंबरीत आणलं होतं, तेव्हा वेल्सचा नंबर तिथेही पहिला नाही.

प्रश्न : मी आठवीत आहे. खरंखुरं टाइम मशीन बनू शकतं का? प्लीज सांगा.

पुढे जायचं असेल तर हो, आणि ते आत्ता चालू पण आहे! जो जोरात पळतो त्याचं घड्याळ जरा हळू चालतं, हे आइन्स्टाइनने १९०५ मध्ये सांगितलं. सर्गेई क्रिकाल्योव्ह नावाचा अंतराळवीर सगळ्या मोहिमा मिळून ८०३ दिवस पृथ्वीभोवती फिरला, तर तो आपल्यापेक्षा सेकंदाच्या साधारण पन्नासाव्या भागाने पुढच्या काळात आलाय. पापणी मिटायला पण त्याहून जास्त वेळ लागतो हे मान्य, पण गेलाय ना पुढे. तुझ्या घरच्यांच्या फोनमधलं जीपीएस आहे ना, त्या सॅटेलाइटवरची घड्याळं रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात (तिथे वेगापेक्षा गुरुत्वाकर्षणाचा परिणाम जास्त असतो म्हणून पुढे), ती जुळवून घेतली नाहीत तर मॅप तुला भलत्याच गल्लीत नेईल.

मागे जायचं मात्र कुणाला जमलेलं नाही. स्टीफन हॉकिंगने २००९ मध्ये काळप्रवाशांसाठी पार्टी ठेवली, आणि गंमत म्हणजे आमंत्रण पार्टी होऊन गेल्यावर जाहीर केलं, म्हणजे भविष्यातून मागे येऊ शकणारेच हजर राहतील. फुगे लावले, खायला ठेवलं. कुणी आलं नाही. तू मोठी होऊन बनवलंस तर तिथे जाऊन ये, तारीख २८ जून.

प्रश्न : वीनाला लेखकाने अगदी बाहुली करून टाकलंय असं नाही वाटत?

वाटतं. वीना म्हणजे त्याने बुडताना वाचवलेली एलॉय मुलगी, आणि ती पुस्तकभर फक्त त्याच्या मागे मागे पळते, घाबरते, आणि शेवटी जंगलातल्या आगीत हरवते. त्याला तिचं नीट दुःखही करता येत नाही. पण तिची एकच गोष्ट अशी आहे की तिच्यासाठी मी वेल्सला अर्धं माफ करते. तिला कोटाचे खिसे कशासाठी असतात ते कळत नाही, मग विचार करकरून ती ठरवते की या फुलदाण्या असणार, आणि त्यात फुलं खोचायला लागते. परत आल्यावर तो खिशातून दोन सुकलेली पांढरी फुलं काढून टेबलावर ठेवतो, डॉक्टर मित्र ती उलटसुलट करून बघतो आणि म्हणतो याचं कूळच ओळखू येत नाहीये. सगळ्या प्रवासाचा पुरावा काय, तर तेवढाच, एका पोरीच्या गैरसमजातून आलेला.

प्रश्न : मग तो दुसऱ्यांदा जातो तो परत येतो की नाही? पुढचा भाग आहे का?

वेल्सने पुढचा भाग लिहिला नाही. पहिल्या खेपेला खाली मॉरलॉकांच्या विहिरीत उभं असताना याला चुटपुट लागते की आपण कोडॅक कॅमेरा आणायला हवा होता, एका क्षणात सगळं टिपून घेतलं असतं, आणि आता खिशात आहेत चार काड्या, कारण जवळपास अर्धी काडेपेटी एलॉयना गंमत दाखवण्यात संपवली. म्हणून दुसऱ्या खेपेला तो तयारीने निघतो, एका बगलेत कॅमेरा, दुसऱ्या बगलेत पाठपिशवी. गोष्ट सांगणाऱ्या मित्राला म्हणतो की अर्धा तास दे मला, दुपारच्या जेवणाला थांब, पुरावा आणून दाखवतो. मित्राला दोन वाजता एका प्रकाशकाला भेटायचं असतं, ते आठवून तो सांगायला म्हणून दार उघडतो तर आत नुसती वाऱ्याची झुळूक, वरची काच फुटून पडलेली आणि मशीन गायब. याला तीन वर्षं झाली असं तो शेवटी लिहितो. जेवण कधीच गार झालं असणार.